लग्नसराईत नागपूरचे अधिवेशन : पहिल्यांदा निवेदन देणाऱ्यांसाठी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. माझ्या १५ वर्षांच्या मुलीचा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा ‘एसएस’ पॅटर्न आहे, म्हणजे तिला प्रत्यक्ष आजार आहे. तिला रोज लागणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या जवळच्या शासकीय रुग्णालयात गेले काही महिने कधी मिळतात, कधी ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले जाते. अशाच अडचणीत असलेल्या आम्ही काही पालकांनी हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरला जाऊन निवेदन द्यायचे ठरवले आहे. नेमक्या त्याच महिन्यात घरी सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचा सोहळा आहे आणि त्यानंतर नाशिकला पुतण्याचे लग्न आहे. मी आजवर कधी मोर्चात गेलेली नाही, आमदारांशी बोललेली नाही. त्यात सासूबाई आणि जाऊबाई यांचे म्हणणे असे, की नवी सोयरीक होत असताना आपल्या घरातला आजार चव्हाट्यावर आणू नये, मुलीचेही पुढे लग्न व्हायचे आहे. मी जावे का, आणि गेले तर हे सगळे कसे जुळवावे?

उत्तर : ताई, नागपूरला जरूर जा. मात्र आपले पहिले निवेदन नागपूरला निघण्यापूर्वी, आपल्याच मतदारसंघात, आमदारांच्या संपर्क कार्यालयात द्या, असा माझा आग्रह आहे. अधिवेशन सुरू झाले म्हणजे आता सभागृहात काहीही मांडता येईल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी विधानमंडळ सचिवालयाकडे गेलेली असते, त्यामुळे ऐन अधिवेशनात दिलेल्या कागदावरून त्याच अधिवेशनात तारांकित प्रश्न येणे जवळजवळ अशक्य असते. आमदारांच्या हाती विषय मांडण्याच्या ज्या वाटा उरतात, त्या म्हणजे लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा आणि पुरवणी मागण्यांवरील चर्चा. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे सरकारच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातात, आणि आरोग्य विभागाची मागणी चर्चेला आली की औषधांच्या तुटवड्याचा विषय अगदी रीतसर उपस्थित करता येतो. त्यासाठी आपला कागद आमदारांकडे चार-आठ दिवस आधी पोहोचलेला असावा आणि त्यांच्या स्वीय सहायकाने तो वाचलेला असावा. सोहळ्याच्या तयारीसाठी तालुक्याच्या बाजारात आपल्या फेऱ्या होणारच आहेत. त्यातलीच एक सकाळ या कामाला द्या.

निवेदन एका पानाचे असावे आणि त्यात मागणी एकच असावी. पालकांचा गट जमला की मागण्या वाढत जातात. कुणी दिव्यांग प्रमाणपत्राचे म्हणतो, कुणी एसटीच्या सवलतीचे, कुणी नोकरीतील आरक्षणाचे. प्रत्येकाचे दुःख खरे असते, परंतु या गोष्टी वेगवेगळ्या दारांवर सुटतात, आणि हे आधी समजून घेतले नाही तर ऐकणाऱ्याला ‘बघतो’ एवढे म्हणून मोकळे होणे सोपे जाते. नोकरीतील आरक्षणाचेच पाहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षण ज्यांना दिले आहे, त्यांत रक्तविकार नाहीत. हा कायदा संसदेचा आहे, तेव्हा तो प्रश्न खासदारांकडे न्यायला हवा. संसदेचे हिवाळी अधिवेशनही साधारण याच सुमारास असते आणि बरेच खासदार शनिवार-रविवारी मतदारसंघात येतात. ती भेट स्वतंत्रपणे ठरवा.

गोळ्यांचा प्रश्न मात्र पूर्णपणे राज्याच्या आणि जिल्ह्याच्या अखत्यारीतला आहे. येथेही एक फरक ध्यानात ठेवा. ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अधीन असते, तर प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या. आपल्या पत्रात नुसते ‘शासकीय रुग्णालय’ असे आहे. निवेदनात ते कोणते, हे स्पष्ट लिहा, नाहीतर एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवील आणि त्यात महिना निघून जाईल. राज्य पातळीवरील खरेदीसाठी २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले आहे. तेथून पुरवठा यायला उशीर होत असेल, तर तातडीची गरज भागवण्यापुरती स्थानिक खरेदी करता येते, आणि तिचा पाठपुरावा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडेही करता येतो. म्हणून आपली मागणी ‘आरोग्यसेवा सुधारा’ अशी मोघम न ठेवता, ‘अमुक रुग्णालयात नोंदणी असलेल्या सर्व सिकलसेल रुग्णांना पुरेल इतका हायड्रॉक्सियुरियाचा तीन महिन्यांचा साठा कायम ठेवावा, आणि पुरवठा येईपर्यंत स्थानिक खरेदीने गोळ्या द्याव्यात’ अशी ठेवा. अशा मागणीला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट उत्तर द्यावे लागते.

मागणीच्या पाठीशी आधार म्हणून दोनच वाक्ये पुरेत. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केला आणि त्यात २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे, हे एक. हायड्रॉक्सियुरिया हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे, हे दुसरे. याखाली आपल्या गटाचा अनुभव द्या, आणि तो तारखांनिशी द्या. कोणत्या दिवशी कोण गेले, काय सांगितले गेले, बाहेरून गोळ्या घेण्यास किती रुपये लागले, हे चार-पाच घरांचे मिळून एका छोट्या तक्त्यात मांडा. रुग्णालयातील चिठ्ठ्या आणि औषधाच्या दुकानाची बिले यांच्या छायाप्रती जोडा. शेवटी ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून जिल्हाधिकारी आणि संबंधित आरोग्य अधिकारी यांची नावे घाला आणि त्यांना ती प्रत खरोखर पाठवा.

निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची. आवक शिक्का, त्यावरील तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, इतके त्या प्रतीवर उमटल्याशिवाय तेथून उठू नका. ‘साहेबांना सांगतो, ठेवून जा’ असे कुणी आपुलकीने म्हटले तरी शिक्क्याची विनंती हसतमुखाने पुन्हा करा. पुढे आपण जे काही कराल, ते त्या शिक्क्याच्या आधारे कराल.

आता घरातील गोष्टीकडे येतो, कारण मला वाटते आपल्याला खरी धास्ती आमदारांची नसून घरच्यांच्या विरोधाची आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. विदर्भातील अनेक घरांत ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे सोयरिकीच्या बैठकीत हळू आवाजात उच्चारली जातात. सासूबाईंची भीती निराधार नाही. मुलीचे स्थळ या कारणाने परत गेल्याची उदाहरणे मीही पाहिली आहेत. तरीही त्यांच्या म्हणण्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंतले आहेत, आणि ते सोडवून घ्यायला हवेत.

पहिला प्रश्न आपल्या मुलीच्या नावाचा आहे. तिचे नाव, छायाचित्र किंवा अहवाल लोकांसमोर यावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार जाऊबाईंना नाही, आणि माझ्या मते एकट्या आपल्यालाही नाही. ती १५ वर्षांची आहे, आजार तिचा आहे, तेव्हा तिच्याशी बसून बोला. ती नको म्हणाली तर तिचे नाव कुठेही घालू नका. निवेदन पालकांच्या गटाच्या नावाने द्या आणि तक्त्यात मुलांच्या नावांऐवजी वय आणि गाव एवढेच लिहा. नागपुरात पत्रकार भेटतात, कॅमेरे समोर येतात, आमदारांचे कार्यकर्ते निवेदन स्वीकारतानाचे छायाचित्र तासाभरात समाजमाध्यमांवर टाकतात. कोण छायाचित्रात उभे राहणार आणि कोण बाजूला थांबणार, हे गटाने घरून निघतानाच ठरवावे. हे सासूबाईंना समजावून सांगितले, तर त्यांचा अर्धा विरोध मावळेल असे मला वाटते.

दुसरा प्रश्न पुतण्याचा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. मुलगी ‘एसएस’ आहे, याचा अर्थ सर्वसाधारणपणे आपण आणि आपले यजमान दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’ आहात. त्यामुळे आपले दीर वाहक असण्याची आणि त्यांच्याकडून पुतण्याकडे ते वाहकपण आले असण्याची शक्यता बरीच आहे. वाहक माणूस सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. प्रश्न येतो तो दोघेही वाहक असताना. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हींतून मोकळे राहण्याची २५ टक्के असते. पुतण्याने आणि त्याच्या होणाऱ्या वधूने रक्ततपासणी केली आहे का, हे दिरांशी आणि पुतण्याशी एकांतात, शांतपणे बोला, आणि हे लग्नाच्या गर्दीत नव्हे तर आत्ताच बोला. तपासणी झाली नसेल, तर सोल्युबिलिटी ही रक्ताची पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते आणि निदान इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या चाचणीने पक्के करतात. दोघेही वाहक निघाले तर लग्न मोडलेच पाहिजे, असे मुळीच नाही. पुढे गर्भधारणेच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करून घेता येते आणि त्याविषयी समुपदेशन मिळते. पण ही माहिती त्या दोघांची आहे. ती त्यांच्या हाती द्या आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. लग्नमंडपात, पाहुण्यांसमोर, कितीही चांगल्या हेतूने, हा विषय काढू नका.

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीच्या दिवशी घरची सारी मंडळी जमतील. त्या दिवशी निवेदनावर सह्या गोळा करू नका, अशी माझी आपल्याला विनंती आहे. तो दिवस त्यांचा आहे. मात्र आदल्या संध्याकाळी सासऱ्यांना स्वतः निवेदन वाचून दाखवा. घरातील सर्वांत ज्येष्ठ माणसाने ‘नातीसाठी जाते आहे, जाऊ द्या’ असे एकदा म्हटले, की पुढचे वाद फार वाढत नाहीत.

प्रवासाविषयी मात्र मी काटेकोर राहीन, कारण थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, जागरण आणि अतिश्रम या चारही गोष्टींनी सिकलसेलमध्ये वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि डिसेंबरातील लग्नप्रवासात या चारही एकत्र येतात. नाशिकचा प्रवास रात्रीच्या गाडीने असेल, तर मुलीला खिडकीजवळ झोपवू नका. कानटोपी, मोजे आणि जाड पांघरूण हाताशी ठेवा. स्वच्छतागृहाच्या गैरसोयीमुळे मुली प्रवासात पाणी पिणे टाळतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. तिच्या बाबतीत ते चालणार नाही, थोड्या थोड्या वेळाने तिने पाणी प्यायलाच हवे. हळदीच्या दिवशी अंगणात पाणी उडवण्याचा खेळ चालतो, आणि ओल्या कपड्यांनी पोरे तासभर वाऱ्यात उभी राहतात. तिला हळद लावू द्या, गाऊ द्या, पण अंग ओले झाले की लगेच कपडे बदलून घ्या. वरातीत नाचायचे असेल तर थोडा वेळ नाचून बसावे. गोळ्यांचा एकही दिवस चुकू देऊ नका, आणि त्या सामानाच्या बॅगेत न ठेवता जवळच्या पर्समध्ये ठेवा. तिच्या डॉक्टरांकडून आजाराचे नाव, रक्तगट, चालू औषधे आणि वेदना झाल्यास काय द्यावे, हे लिहिलेले एक पत्र घ्या. नाशिकच्या आपल्या नातेवाइकांच्या घरापासून सर्वांत जवळ कोणते मोठे रुग्णालय आहे, हे पोहोचताच विचारून ठेवा. १०१ अंशांहून अधिक ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अंगाची एक बाजू कमजोर होणे किंवा अचानक पांढरेफटक पडणे, यांपैकी काहीही दिसले, तर अक्षता पडेपर्यंतही थांबू नका. सिकलसेल रुग्णांना एसटीच्या प्रवासात सवलत आहे; तिची कागदपत्रे सोबत असू द्या.

नागपूरला मुलीला नेऊ नये, असे माझे मत आहे. नाशिकहून परतल्यावर तिला विश्रांती हवी, आणि अधिवेशनाच्या काळातील नागपूर आजारी मुलासाठी दमवणारे असते. यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात, रस्ते अडवलेले असतात, आणि मोर्चा पुढे पोलिसांनी ठरवून दिलेल्या ठिकाणी थांबतो. मोर्चा काढणारे त्यांच्या जागी योग्यच असतात. १९५३ च्या नागपूर करारानुसार वर्षातून एक अधिवेशन येथे होते, आणि विदर्भातील माणसाला आपले गाऱ्हाणे सरकारच्या दारात मांडण्याची ती हक्काची वेळ आहे. परंतु दहा-बारा पालकांच्या पहिल्या भेटीसाठी मोर्चापेक्षा शिष्टमंडळ बरे. विधान भवनात प्रवेशिकेशिवाय जाता येत नाही आणि ती ऐनवेळी मिळेलच असे नाही, म्हणून स्वीय सहायकाशी आधी बोलून सकाळी लवकर सिव्हिल लाइन्समधील आमदार निवासात भेट ठरवा. सभागृहाचे कामकाज सुरू होण्यापूर्वीचा तो एखादा तासच आमदार थोडे मोकळे असतात. मंत्र्यांची भेट आमदारांमार्फतच मागा.

भेटीत पाच मिनिटे मिळाली तर ती खूप समजा. एकाच व्यक्तीने बोलावे, आणि ती व्यक्ती आपणच असाव्यात असे मला वाटते, कारण ज्या आईने रिकाम्या हाताने रुग्णालयातून परतण्याचा अनुभव घेतला आहे, तिच्या तोंडून ते ऐकणे वेगळे असते. आधी नाव, गाव आणि ‘आम्ही आपल्या मतदारसंघातील आहोत’ हे सांगा. मग अनुभव दोन वाक्यांत, मागणी एका वाक्यात, आणि शेवटी थेट प्रश्न : ‘साहेब, पुरवणी मागण्यांच्या चर्चेत आपण हा विषय मांडाल का?’ उत्तर येईपर्यंत बोलू नका. आवाज कापला, डोळ्यांत पाणी आले तरी काही बिघडत नाही; कागद हातात आहे, तो पाहून वाक्य पूर्ण करा. राज्यात दरवर्षी ११ ते १७ डिसेंबर या काळात सिकलसेल नियंत्रण सप्ताह पाळला जातो. आपली भेट त्या दिवसांत आली, तर त्याचा उल्लेख अवश्य करा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझा मुलगाही सिकलसेलग्रस्त आहे. अशा निवेदनावर मी सही केली तर नोकरीत अडचण येईल का?

उत्तर : कर्मचाऱ्याने स्वतःच्या बदली, बढती यांसारख्या सेवाविषयक बाबींसाठी राजकीय वजन वापरू नये आणि राजकीय पक्षाच्या कार्यात भाग घेऊ नये, असे वर्तणूक नियम सांगतात. मुलाच्या औषधासाठी आई म्हणून केलेली विनंती यांत बसत नाही. तरीही सही पालक या नात्याने करा, पदनाम किंवा शाळेचे नाव घालू नका, त्या दिवसाची रजा रीतसर मंजूर करून घ्या आणि पत्रकारांशी बोलण्याचे काम गटातील दुसऱ्या कुणाकडे द्या. मनात शंका उरत असेल, तर घरातील दुसऱ्या पालकाने सही केली तरी निवेदनाचे वजन कमी होत नाही. आपल्या हातून होण्यासारखे आणखी एक मोलाचे काम आहे : गटातील ज्या आयांना लिहिणे अवघड जाते, त्यांचे तारखांचे तक्ते नीट लिहून द्या.

प्रश्न : आमच्या गावातील मंडळींनी मागे एकदा नागपूरला निवेदन दिले होते. त्याचे पुढे काय झाले ते कुणालाच कळले नाही. मग पुन्हा कशाला जायचे?

उत्तर : आपला वैताग रास्त आहे, आणि असे अनेक गावांत घडले आहे. निवेदन देऊन मंडळी परततात, लग्नसराई संपते, धान निघते, कापूस येतो, आणि कागद फाईलमध्ये पडून राहतो. म्हणून परतल्यावर आठवडाभरात स्वीय सहायकाला फोन करून निवेदन कोणत्या कार्यालयाकडे, कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवले, हे विचारून लिहून घ्या. मग ज्या कार्यालयाकडे ते गेले, तेथे माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचे शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक असते. अर्जात ‘निवेदनावर काय कार्यवाही झाली’ हे विचाराच, शिवाय त्या रुग्णालयातील हायड्रॉक्सियुरियाच्या साठा नोंदवहीच्या मागील सहा महिन्यांच्या प्रती मागा. औषधांची आवक-जावक ई-औषधी या संगणकीय प्रणालीतही नोंदली जाते, त्यामुळे ‘नोंद नाही’ हे उत्तर सहसा टिकत नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, तेव्हा डिसेंबरातील निवेदनाची पोच जोडून फेब्रुवारीच्या लोकशाही दिनासाठी जानेवारीच्या मध्यापर्यंत अर्ज करा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होते. माहिती अधिकारात मिळालेली नोंदवहीची प्रत तोवर आपल्या हाती असेल. ती आमदारांना वेळेत, म्हणजे प्रश्नांच्या सूचना देण्याची मुदत संपण्यापूर्वी नेऊन दिली, तर या वेळी तारांकित प्रश्नच विचारता येईल. स्थानिक आमदारांकडून प्रतिसाद नसेल, तर विधान परिषदेत नागपूर विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे सदस्य असतात. त्यांच्याकडेही तोच कागद द्यावा. मागच्या वेळच्या निवेदनाची पोच गावात कुणाकडे शिल्लक असेल, तर आधी ती शोधा. तिच्यावर शिक्का असेल, तर नवे निवेदन ‘स्मरणपत्र’ म्हणून त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन लिहा.